उद्यान आणि अरण्य : पालोड ते शेंदुरणी

कोकण आणि देश यांच्यामध्ये भिंतीसारखी उभी असलेली सह्याद्रीची रांग गोवा व कर्नाटक ओलांडून तशीच दक्षिणेकडे जाते. पालघाटच्या खिंडीपाशी ती एकदा तुटते, आर्यंकावूच्या खिंडीपाशी पुन्हा खचते, आणि कन्याकुमारीजवळ संपण्यापूर्वी अगस्त्यमलै नावाच्या डोंगरसमूहाच्या रूपाने शेवटचे एकदा मस्तक वर काढते. अगस्त्यकूटम हे तेथील सर्वोच्च शिखर समुद्रसपाटीपासून १,८६८ मीटर उंच आहे. नैर्ऋत्य मोसमी वारे आणि ईशान्येकडून येणारा परतीचा पाऊस या दोहोंचा लाभ या डोंगरांना होतो. त्यामुळे वर्षातील फार थोडे महिने तेथे कोरडे जातात व घनदाट सदाहरित अरण्य टिकून राहते. भारत सरकारने २००१ मध्ये या प्रदेशास जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा दिला आणि २०१६ मध्ये युनेस्कोने त्याचा समावेश आपल्या जागतिक जाळ्यात केला.

या डोंगरांच्या पश्चिम उताराला लागून, तिरुवनंतपुरमहून तेन्मलाकडे जाणाऱ्या एकाच रस्त्याने, दोन स्थळे एका प्रवासात पाहता येतात. पहिले स्थळ पालोड येथील जवाहरलाल नेहरू उष्णकटिबंधीय वनस्पती-उद्यान व संशोधन संस्था हे होय. दुसरे, शेंदुरणी वन्यजीव अभयारण्य. पहिल्यातील वनस्पती माणसाने आणून लावलेल्या आहेत, दुसऱ्यातील आपण होऊन वाढलेल्या आहेत. संरक्षण हा हेतू मात्र दोन्हीकडे समान आहे. ही दोन्ही स्थळे लागोपाठ व लक्षपूर्वक पाहणाऱ्याच्या मनात एक प्रश्न उभा राहिल्यावाचून राहत नाही. वनस्पती वाचविणे म्हणजे नेमके काय वाचविणे? प्रस्तुत पुस्तिकेत त्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

वनस्पती-उद्यानांचा पूर्वेतिहास

वनस्पती-उद्यान आणि साधी बाग यांत मोठा भेद आहे. बागेत शोभेस महत्त्व असते. वनस्पती-उद्यानात प्रत्येक झाडाची शास्त्रीय ओळख, त्याचे मूळ स्थान आणि ते केव्हा व कोठून आणले याची नोंद, या गोष्टींस महत्त्व असते. इटलीतील पादुआ येथे १५४५ मध्ये जे उद्यान स्थापन झाले, ते वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना औषधी वनस्पती अचूक ओळखता याव्यात म्हणून. भारतात हुगळीच्या काठी शिबपूर येथे १७८७ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या अमदानीत जे उद्यान निघाले, त्याच्यामागे व्यापाराची दृष्टी होती. परदेशातील कोणती उपयुक्त वनस्पती या भूमीत तग धरील, हे तेथे लावून पाहावयाचे होते.

या दुसऱ्या दृष्टीचे फळ पालोडच्या वाटेवरच पाहावयास मिळते. रस्त्याच्या दुतर्फा रबराचे मळे लागतात. प्रत्येक खोडावर तिरपी चीर पाडलेली असते आणि तिच्याखाली चीक साठविण्याची वाटी बांधलेली असते. हे झाड मूळचे दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यातले. हेन्री विकहॅम याने १८७६ मध्ये ब्राझीलमधून सुमारे ७०,००० बिया लंडनजवळच्या क्यू येथील उद्यानात नेल्या. त्यांतील थोड्याच रुजल्या. परंतु त्यांची रोपे श्रीलंका व सिंगापूर येथील उद्यानांत पोहोचली आणि तेथून आशियातील रबराच्या लागवडीचा पाया घातला गेला. केरळात पेरियार नदीकाठी तट्टेकाड येथे १९०२ मध्ये रबराची व्यापारी लागवड सुरू झाली. पुढे डोंगरउतारांवरील पुष्कळसे रान नाहीसे होऊन त्या जागी असे मळे आले. म्हणजे ज्या उद्यानांनी शेतकऱ्याच्या हाती एक नवे पीक दिले, त्यांनीच नकळत अरण्याच्या संकोचासही हातभार लावला. आज वनस्पती-उद्यानांकडे आलेले काम याच्या उलट स्वरूपाचे आहे. अरण्यातून जे नाहीसे होऊ पाहत आहे, ते त्यांना सांभाळावयाचे आहे.

पालोडचे उद्यान

पालोडची संस्था केरळ शासनाने १९७९ मध्ये स्थापन केली. तिरुवनंतपुरमपासून सुमारे ४० किलोमीटरवर, डोंगराच्या पायथ्याशी, सुमारे ३०० एकर भूमीवर तिचा विस्तार आहे. येथे वृक्ष, बांबू, ताड-माडाच्या कुलातील झाडे, नेचे, आमरे आणि औषधी वनस्पती यांचे निरनिराळे विभाग आहेत. अरण्यात एकमेकांपासून कोसच्या कोस दूर वाढणाऱ्या जाती येथे शेजारी-शेजारी उभ्या असल्यामुळे त्यांच्यातील साम्य व भेद तत्काळ ध्यानात येतात. अभ्यासकाच्या दृष्टीने उद्यानाचा हा पहिला लाभ होय.

दुसरा लाभ बांबूच्या विभागात कळून येतो. बांबूच्या कित्येक जाती अनेक वर्षांतून एकदाच फुलतात, बीज धरतात व मरून जातात. शास्त्रीय वर्गीकरण तर मुख्यतः फुलांवर अवलंबून असते. अशा स्थितीत एकाच बेटावर दशकानुदशके लक्ष ठेवणारी व प्रत्येक फुलोऱ्याची नोंद करणारी जागा नसेल, तर पुष्कळ जातींविषयीचे ज्ञान अपुरेच राहील. एका संशोधकाच्या सेवाकाळात जे काम पुरे होत नाही, ते संस्थेच्या दप्तरात पुढे चालू राहू शकते.

औषधी वनस्पतींच्या विभागात उभे राहिले असता या भूमीतील एका जुन्या ग्रंथाचे स्मरण होणे साहजिक आहे. कोचीनचा डच अधिकारी हेन्ड्रिक व्हान ऱ्हेडे याने मलबारच्या वनस्पतींवर ‘होर्तुस मलबारिकुस’ हा ग्रंथ सिद्ध करविला. त्याचे बारा खंड १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅम येथे छापले गेले व त्यांत सातशेहून अधिक वनस्पतींची वर्णने आली. पुढे लिनीयस याने भारतीय वनस्पतींना नावे देताना या ग्रंथाचा आधार घेतला. ग्रंथातील माहिती मात्र युरोपीयांची नव्हती. ती इट्टी अच्युतन हे मल्याळी वैद्य आणि रंगभट, विनायक पंडित व आपू भट हे तीन कोंकणी वैद्य यांनी पुरविली होती. या तिघांचे कोंकणी भाषेतील व नागरी लिपीतील प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेले आहे. कोंकणी-मराठी वाचकांस या ग्रंथाविषयी आपुलकी वाटावी, असाच हा दुवा आहे.

उद्यानातील आमरांचे विभाग पाहताना अगस्त्यमलैच्याच एका आमराची कथा ध्यानी घ्यावी. पॅफिओपेडिलम ड्रुरी हे त्याचे शास्त्रीय नाव. त्याच्या पिवळ्या फुलाचा एक भाग चढावाच्या पुढील टोकासारखा फुगीर असतो. या प्रजातीची इतर आमरे ईशान्य भारतात व आग्नेय आशियात आढळतात; द्वीपकल्पीय भारतात मात्र ही एकच जात आहे आणि तीही या डोंगरांपुरतीच मर्यादित आहे. कर्नल ड्रुरी यांना ती १८६५ मध्ये मिळाली. त्यानंतर हौशी संग्राहकांनी व व्यापाऱ्यांनी ती एवढ्या प्रमाणात उपटून नेली की, ती समूळ नष्ट झाली असे मानले जाऊ लागले. १९७२ मध्ये ती पुन्हा आढळली. रानात वाढलेल्या अशा आमरांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर आता बंदी आहे. आमराची बी धुळीसारखी सूक्ष्म असते आणि तिच्यात अन्नाचा साठा नसतो. ठराविक बुरशीच्या साहाय्यावाचून ती निसर्गात रुजत नाही. परंतु प्रयोगशाळेत पोषक द्रव्यांवर ती रुजविता येते व ऊतिसंवर्धनाने एका रोपापासून अनेक रोपे करता येतात. पालोडच्या संस्थेने काही दुर्मीळ आमरांची रोपे अशा रीतीने वाढवून पुन्हा अरण्यात लावली आहेत.

जी बीजे साठविता येत नाहीत

येथे कोणी विचारील की, एवढा विस्तीर्ण भूभाग अडवून झाडे लावण्यापेक्षा त्यांच्या बिया वाळवून शीतगृहात का ठेवू नयेत? भात, गहू, कडधान्ये यांच्या बाबतीत हा उपाय उत्तम आहे. या बिया वाळविल्या असता त्यांतील जीव सुप्त होतो व पुष्कळ वर्षे टिकतो. परंतु आंबा, फणस, रबर, रानजायफळ आणि सदाहरित अरण्यातील इतर अनेक वृक्ष यांच्या बियांना सुकणे सोसत नाही. ज्या भूमीत ओल नेहमीच असते, तेथे बीजाला वाट पाहावी लागत नाही. ते पडताच रुजावयास लागते. अशी बी वाळली की मरते आणि ओली ठेवली की कुजते किंवा अंकुरते. विकहॅमच्या हजारो बियांपैकी थोड्याच रुजल्या, त्याचे कारणही हेच होते. अशा जातींचा संग्रह करावयाचा तर जिवंत झाडच राखावे लागते. म्हणून उष्ण कटिबंधातील वनस्पती-उद्यानास अन्य देशांतील उद्यानांहून अधिक महत्त्व आहे.

पण या उपायासही मर्यादा आहे. उद्यानात एका जातीची दहा-वीस झाडे राहू शकतात. अरण्यातील हजारो झाडांमध्ये गुणांचे जे वैविध्य असते, ते त्या दहा-वीस झाडांत येत नाही. शिवाय झाडाबरोबर त्याच्या फुलांवर येणारा कीटक किंवा त्याचे फळ खाणारा पक्षी आणता येत नाही. ही मर्यादा कळण्यासाठी उद्यानाबाहेर पडून पुढे जावे लागते.

कुळत्तुपुळाची दलदल

पालोडहून मडत्तरावरून उत्तरेस जाणारा रस्ता कुळत्तुपुळा या गावी येतो. येथील शास्त्याच्या देवळापाशी नदीत मोठमोठे मासे निर्भयपणे फिरताना दिसतात. ते देवाचे मानले जात असल्यामुळे त्यांना कोणी मारीत नाही. महाराष्ट्रातील देवराई ज्या भावनेने राखली गेली, त्याच भावनेचे हे रूप होय.

याच परिसरात रानजायफळाची दलदली वने आहेत. डोंगरातून येणारा संथ ओहोळ सखल जागी पसरतो आणि चिखलात जायफळाच्या कुलातील सदाहरित वृक्ष दाट वाढतात. पाण्याने भरलेल्या मातीत मुळांना हवा मिळत नाही. म्हणून काही वृक्षांची मुळे चिखलातून वर येतात, गुडघ्यासारखी वाकतात व पुन्हा खाली जातात. त्यांच्या वाकलेल्या भागातून श्वसन होते. दुसऱ्या काहींच्या खोडाच्या खालच्या भागातून आधारमुळे फुटून चहूबाजूंनी चिखलात रोवली जातात. वृक्ष सत्तर-ऐंशी फूट उंच, खाली या मुळांचे जाळे, आणि त्यांमधून न कळत वाहणारे पाणी, असे हे दृश्य असते.

या दलदलीत राहणारा एक वृक्षवासी बेडूक २०१३ मध्ये शास्त्रास प्रथम ज्ञात झाला. त्याच्यासाठी स्वतंत्र प्रजाती स्थापावी लागली आणि त्याच्या जातिनामातच या जायफळी दलदलीचा उल्लेख करण्यात आला. एरवी उंच फांद्यांवर राहणारा हा प्राणी मोसमी पावसापूर्वीच्या सरी पडल्या की खाली उतरतो. मादी जमिनीवर अंडी घालते आणि पुढे पावसाचे पाणी चढले म्हणजे पिले त्यात पोहू लागतात. पाऊस व पाण्याची पातळी यांचा मेळ चुकला, तर त्याची पिढी वाया जाते. असा बेडूक उद्यानात सांभाळावयाचा तर वृक्ष, ओहोळ, चिखल आणि पावसाचे वेळापत्रक ही सर्वच तेथे न्यावी लागतील.

दुर्दैवाने अशा सखल व जलमय जागा भातशेतीसाठी सोयीच्या असल्यामुळे पूर्वीच खाचरांत रूपांतरित झाल्या. काहींच्या जागी सुपारीच्या बागा आल्या. आज केरळातील अशा सर्व ज्ञात दलदली एकत्र केल्या तरी त्यांचे क्षेत्र सुमारे दीड चौरस किलोमीटरच भरते. गोव्यात सत्तरी तालुक्यातील निरंकाराची राई आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यात दोडामार्ग तालुक्यातील बांबर्डे येथील राई ही याच प्रकारची, देवाच्या नावाने टिकलेली वने होत.

वृक्षाच्या नावाचे अभयारण्य

कुळत्तुपुळाहून पुढे तेन्मला लागते आणि तेथून शेंदुरणी अभयारण्यात प्रवेश होतो. भारतातील बहुतेक अभयारण्ये एखाद्या गावाच्या, नदीच्या किंवा प्राण्याच्या नावाने ओळखली जातात. १९८४ मध्ये घोषित झालेल्या या अभयारण्यास मात्र चेंकुरिंजी या वृक्षावरून नाव मिळाले आहे. ग्लूटा ट्रावंकोरिका हे त्याचे शास्त्रीय नाव. आंबा, काजू व बिब्बा ज्या कुलात मोडतात त्याच कुलातील हा तांबूस लाकडाचा वृक्ष आहे. आर्यंकावूच्या आसपासच्या व तेथून दक्षिणेच्या डोंगरांखेरीज जगात अन्यत्र तो नैसर्गिकरीत्या आढळत नाही.

अभयारण्याच्या मध्यभागी कल्लडा नदीवरील धरणाचा जलाशय पसरलेला आहे. त्याच्या पाण्याखाली काही अरण्य गेले. उरलेल्या भागात हत्ती, गवा, सांबर, शेकरू, काळे निलगिरी वानर व सिंहपुच्छ वानर यांचा वास आहे. परंतु अरण्यात शिरताच हत्ती दिसेल अशी अपेक्षा करणारा प्रवासी बहुधा निराश होतो. अरण्य पाहावयाचे ते प्राण्यांच्या संख्येवरून नव्हे, तर झाडे व प्राणी यांच्या परस्परव्यवहारावरून.

कुलेनिया नावाच्या उंच वृक्षाचे उदाहरण घ्यावे. हा मलायातील दुरियन या फळझाडाचा नातलग असून त्याची फळे काटेरी असतात. त्याच्या फुलांना पाकळ्या नसतात. मांसल, मधुरसयुक्त फुलांचे झुबके थेट फांद्यांवर येतात. इतर फळे दुर्मीळ असतात अशा उन्हाळ्याच्या सुमारास हा फुलोरा येतो. तेव्हा वटवाघळे, खारी, उदमांजरे व वानरे तो खाण्यास जमतात. वरवर पाहता हा नाश वाटतो. परंतु अगस्त्यमलैच्या तमिळ बाजूस झालेल्या निरीक्षणांत असे दिसून आले की, हे प्राणी एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाताना परागही नेतात व त्यामुळे फलधारणा होते. वृक्ष टंचाईच्या काळात प्राण्यांस जगवितो आणि प्राणी वृक्षाचा वंश पुढे चालवितात. रानजायफळाचेही तसेच आहे. त्याच्या बीवरील तांबडी जायपत्री धनेश पक्ष्यास आकर्षित करते. तो बी गिळतो व दूर जाऊन टाकतो. धनेश नाहीसा झाला, तर जायफळाचे झाड लगेच मरत नाही. ते पुढे कित्येक वर्षे फळत राहते. मात्र त्याची बीजे त्याच्याच सावलीत पडून राहतात.

आता पुन्हा चेंकुरिंजीकडे वळावे. अभयारण्यात त्याचे मोठे वृक्ष उभे आहेत, परंतु त्यांच्याखाली कोवळी रोपे फार थोडी आढळतात, असे अभ्यासकांनी नोंदविले आहे. वृक्षतोडीस कायद्याने बंदी करता येते. पण बी रुजावी अशी आज्ञा कायद्यास देता येत नाही. ज्या वृक्षाच्या नावाने अभयारण्य ओळखले जाते, त्याची पुढची पिढी तयार होत नसेल, तर केवळ कुंपण व पहारा पुरेसा नाही. बी केव्हा पिकते, किती दिवस जिवंत राहते, रोपास किती सावली लागते, हे रोपवाटिकेत शोधून काढावे लागेल व तेथे वाढविलेली रोपे अरण्यात परत लावावी लागतील. अशा रीतीने अरण्याला उद्यानाची गरज भासते.

आरोग्यपच्च

उद्यान व अरण्य यांच्या या संबंधात एक तिसरा पक्षही आहे. १९८७ च्या डिसेंबरमध्ये वनस्पतिशास्त्रज्ञांची एक तुकडी अगस्त्यमलैच्या डोंगरांत हिंडत होती. वाट दाखविण्यास काणी जमातीची माणसे होती. चढणीने शास्त्रज्ञ थकून गेले. वाटाडे मात्र मधूनमधून लहानशी फळे खात होते व त्यांना शीण जाणवत नव्हता. कोणते फळ, असे विचारले असता ते प्रथम सांगावयास तयार नव्हते, कारण जमातीचे ज्ञान बाहेरच्यास देणे त्यांना संमत नव्हते. पुढे विश्वास बसल्यावर त्यांनी वनस्पती दाखविली. ओहोळांच्या काठी, दाट सावलीत वाढणारी ती बुटकी वनस्पती म्हणजे आरोग्यपच्च, आरोग्य देणारी हिरवी वनस्पती.

पालोडच्या संस्थेने तिच्यावर संशोधन केले आणि अश्वगंधा, पिंपळी व शंखपुष्पी यांच्यासह ‘जीवनी’ हे औषध सिद्ध केले. १९९५ मध्ये त्याच्या निर्मितीचा परवाना सात वर्षांसाठी एका औषध-कंपनीस दहा लाख रुपये व विक्रीवर दोन टक्के स्वामित्वधन या अटींवर देण्यात आला. या उत्पन्नातील अर्धा वाटा काणी लोकांस द्यावयाचे ठरले व त्यासाठी १९९७ मध्ये त्यांचा विश्वस्त-निधी स्थापन झाला. ज्ञान देणाऱ्या जमातीस लाभात भागीदार करण्याचा हा प्रयत्न जगभर चर्चिला गेला.

परंतु पुढील वाट सरळ नव्हती. औषधास वनस्पतीचा पाला लागे. काणी कुटुंबांनी तिची लागवड करावी असा विचार होता. तथापि लागवडीच्या नावाखाली अरण्यातील झाडेच उपटली जातील, अशी भीती वनखात्यास वाटली व त्याने निर्बंध घातले. काणी लोकांतही सर्वांचे एकमत नव्हते. आपले ज्ञान थोड्या लोकांनी देऊन टाकले, असे काहींना वाटले. संशोधन यशस्वी झाले तरी वनस्पती, तिचे वसतिस्थान आणि तिला ओळखणारी माणसे या तिघांचा हिशेब एकत्र जुळविणे किती कठीण असते, हे या प्रकरणावरून दिसून येते. वनस्पतींपासून व त्यांविषयीच्या परंपरागत ज्ञानापासून होणाऱ्या लाभाची वाटणी कशी व्हावी, याविषयी भारताने २००२ मध्ये जैवविविधता कायदा केला.

पाहणाऱ्याने काय करावे

डिसेंबर ते फेब्रुवारी हे महिने या प्रवासास सोयीचे असतात. पावसाळ्यात रानवाटांवर जळवांचा उपद्रव फार होतो. प्रथम उद्यान पाहावे व नंतर अभयारण्य. उद्यानात दहा-बारा झाडे निवडून त्यांची पाने, साल व फळे नीट न्याहाळावीत आणि पाटीवरील नाव व मूळ स्थान वहीत टिपावे. अरण्यात पाट्या नसतात. तेथे वनखात्याची परवानगी घेऊन व वाटाड्यास बरोबर घेऊनच जावे, सकाळी लवकर निघावे, शब्द न करता चालावे. उद्यानात ओळख झालेले झाड अरण्यात दिसले, तर त्याच्याभोवती काय आहे हे पाहावे. त्याच्या फुलांवर कोण येते, खाली त्याची रोपे आहेत की नाहीत, फळ कोणी कुरतडले आहे, याकडे लक्ष द्यावे. वाटाड्यास त्या झाडाचे स्थानिक नाव व उपयोग विचारावा. मात्र त्याने सांगण्याचे टाळले, तर आग्रह धरू नये. पान, फूल किंवा रोप काहीही बरोबर आणू नये. ड्रुरीच्या आमराचा क्षय एकेक रोप नेणाऱ्यांच्या हातूनच झाला, हे विसरता कामा नये.

आरंभी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. उद्यानात वनस्पतीचे शरीर, तिचे नाव व तिच्याविषयीचे ज्ञान सुरक्षित राहते. अरण्यात तिचे संबंध सुरक्षित राहतात, म्हणजे तिचे पराग नेणारे, बी पेरणारे, तिला सावली देणारे आणि तिला ओळखणारे. यांपैकी एकच बाजू वाचविली तर वनस्पती काही काळ जगेल, पण तिचा वंश चालेल याची शाश्वती नाही. शेंदुरणीच्या अरण्यात चेंकुरिंजीची रोपे पुन्हा दिसू लागतात की नाही, हे पुढील काही दशकांत कळेल. त्या वृक्षाखालची भूमी वाकून पाहणारा प्रत्येक प्रवासी त्या नोंदीत थोडी भर घालू शकतो.